तेवीस ट्यूलिपांची हवापालट

ट्यूलिपचा कंद मातीत पुरायचा आणि वसंताची वाट पाहायची, यापलीकडे त्यात काही नाही, असं हार्मन वेसलिंक गेली चाळीस वर्षं म्हणत आले होते. म्हणायला त्यांना अडचण नव्हती, कारण पुरायचं काम ही चाळीस वर्षं रुलीनबाई करत होत्या.

त्या नोव्हेंबरात मात्र रुलीनबाईंचा खुब्याचा सांधा नुकताच बदलला होता आणि वाकायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. बागेचं जुनं घर विकून दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, त्यालाही चारच महिने झाले होते. येताना बागेतून बाईंनी एकच गोष्ट आणली होती. कागदी पिशवीत तेवीस कंद. त्यांच्या वडिलांच्या हातचे, जवळजवळ काळे दिसावेत इतक्या गर्द जांभळ्या ट्यूलिपांचे. कुठल्या दुकानात हे मिळत नव्हते, आणि नाव तर वडिलांनाही ठाऊक नव्हतं. तेवीस म्हणजे तेवीस. गेले की गेले.

"मी लावतो," वेसलिंक म्हणाले.

रुलीनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ऑपरेशनच्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरकडे त्यांनी असंच पाहिलं होतं.

"टोक वर ठेवायचं," त्या म्हणाल्या. "एवढं लक्षात ठेव. बाकीचं तेच करतात."

आता, ज्या माणसाने चौतीस वर्षं सरकारी खात्यात नदीच्या पाण्याची पातळी मोजून लिहिली, त्याला 'टोक वर' एवढ्या सूचनेवर काम सोपवणं हा एक प्रकारे अपमानच. वेसलिंकांनी फूटपट्टी काढली. कंदाची उंची मोजली, तिच्या तिप्पट खोली काढली, दोन मोठ्या मातीच्या कुंड्या आणल्या, तळाला खापऱ्या घातल्या आणि एका कुंडीत बारा, दुसऱ्या कुंडीत अकरा असे कंद बसवले. स्वयंपाकघराच्या फरशीवर जी माती सांडली ती झाडायला संध्याकाळ झाली, पण ते काम मोजणीत धरायचं नसतं. मग दोन्ही कुंड्या त्यांनी दाराबाहेर, सगळ्या बिऱ्हाडांची दारं ज्यात उघडतात त्या लांबलचक व्हरांड्यात मांडल्या. काम संपलं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या ब्रुगिंकबाई कुंड्यांपाशी उभ्या होत्या. मयताला आल्यासारख्या.

"बाहेरच ठेवणार?" त्यांनी विचारलं.

"बाहेरच ठेवायचे असतात."

"जमिनीत, हो. जमिनीत थंडी वरून येते. कुंडीत ती चारही बाजूंनी शिरते. माझे तीस गेले असेच. एका रात्रीत. मार्चमध्ये उकरून पाहिलं तर लापशी." त्यांनी सुस्कारा सोडला. "पण तुम्ही शिकलेले. तुम्ही विचार केलाच असेल."

वेसलिंकांनी विचार केला नव्हता. त्यांनी तो दुपारी केला, आणि कुंड्यांना फुगेवाल्या प्लास्टिकचे दोन थर गुंडाळले. खालच्या मजल्यावरचे भगवानदीन वर कुणाकडे तरी आले होते, ते लिफ्टमधून बाहेर पडत होते. हे गृहस्थ चाळीस वर्षांपूर्वी सुरिनामहून आलेले, बस चालवून निवृत्त झालेले, आणि कुठल्याही कामाकडे मागे हात बांधून पाहण्यात वाकबगार.

"प्लास्टिक थंडी अडवेल," ते म्हणाले. "उंदराला नाही अडवणार."

"तिसऱ्या मजल्यावर उंदीर कुठून येणार?"

"वेसलिंक, उंदराला लिफ्ट लागत नाही. कंद म्हणजे त्याला मेजवानी. मी तुम्हाला आमच्या घरची मिरची देतो. वरून भुरभुरवा."

ती मिरची इतकी जहाल होती की उंदीर राहिले दूर, वारा आला तेव्हा वेसलिंकच दारात अर्धा तास शिंकत उभे होते. मग कुंड्यांवर जाळी आली, प्लास्टिकवर गोणपाट आलं, आणि डिसेंबरच्या पहिल्या गारठ्यात वेसलिंकांनी आपला जुना लोकरी कोट उसवून दोन्ही कुंड्यांना अर्धा अर्धा पांघरला. त्या आता दाराशी बसलेल्या दोन बुटक्या म्हाताऱ्यांसारख्या दिसत होत्या. पोस्टमनने एकदा त्यांना 'गुड मॉर्निंग' म्हटलं आणि नंतर आठवडाभर तो वेसलिंकांकडे बघायचं टाळत होता.

त्याच पोस्टमनने इमारतीच्या समितीचं पत्र आणलं. चिटणीस टर हॉर्स्ट समोरच्या जिन्याला राहत, पण पत्र पोस्टानेच पाठवत. पत्रात लिहिलं होतं, आगीच्या प्रसंगी बाहेर पडण्यासाठी व्हरांड्यात एकशेवीस सेंटिमीटर वाट मोकळी हवी.

वेसलिंकांनी मोजलं. एकशे अठरा भरलं. त्यांनी पुन्हा मोजलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपली पट्टी खोटी असावी अशी प्रार्थना केली.

"हे दोन सेंटिमीटर कोटाचे आहेत," त्यांनी टर हॉर्स्टना समजावलं.

"मग कोट काढा."

"कोट काढला तर कंद गोठतील."

"कंद समितीच्या अखत्यारीत येत नाहीत," टर हॉर्स्ट म्हणाले. हे ते उद्धटपणे म्हणाले नाहीत. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही.

मागची बाल्कनी होती. पण एका कुंडीचं वजन भरलं चाळीस किलो, आणि एके ठिकाणी एवढा भार ठेवायचा तर अर्ज हवा, अर्जासोबत इंजिनियरचा दाखला हवा, आणि अर्जावर निर्णय मार्चच्या सभेत. मार्चमध्ये ट्यूलिप स्वतःच आपला निर्णय घेऊन मोकळे झाले असते.

"घरातच घेतो झालं," वेसलिंक म्हणाले.

"अजिबात नाही." रुलीनबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. ऑपरेशननंतर त्या व्यायामाच्या बाईकडे जाण्यापुरत्याच खाली उतरत, आणि तेही टॅक्सी दाराशी आल्यावर. बर्फावर पाय घसरेल, लोक धक्का देतील, काठी अडकेल, रोज एक नवं कारण. "त्यांना थंडी खावी लागते, हार्मन. चांगले तीन-चार महिने. उबेत ठेवलंस तर नुसती पानं येतील."

असं हे चमत्कारिक पीक. गोठलं तर मरतं आणि उबलं तर फुलत नाही. त्याला सोसेल इतकीच थंडी लागते, आणि ती किती ते त्याचं त्यालाच ठाऊक. वेसलिंकांना आपल्या जुन्या साहेबांची आठवण झाली.

तळघरात सायकली ठेवायची खोली होती. गार, कोरडी, न गोठणारी. कंदांसाठी देवानेच बांधलेली. वेसलिंकांनी हातगाडीवरून कुंड्या खाली नेल्या आणि चौथ्या दिवशी पत्र आलं, की सायकलींची खोली सायकलींसाठी आहे.

या वेळी भगवानदीन उपयोगी पडले. त्यांची मुलगी रेश्मा नवऱ्यामुलांसह सुरिनामला, परामारिबोला सासरी गेली होती, ती वसंतात परतणार होती. तिची पुढे लाकडी पेटी असलेली तीनचाकी सायकल, ज्यातून लोक पोरं, कुत्री आणि बटाट्याची पोती वाहतात, ती तळघरातच उभी होती.

"समितीला सायकल चालते ना?" भगवानदीन म्हणाले. "मग कुंड्या सायकलीत ठेवा. सायकल सामानासकट सायकलच असते."

टर हॉर्स्टनी नियमांची वही अर्धा तास वाचली. मग त्यांनी मान हलवली. वेसलिंकांना त्या घटकेला वाटलं, की नोकरीत आपण फुकटच इतकी वर्षं सरळ वागलो.

पण अर्ध्या तासात टर हॉर्स्टना आणखीही एक कलम सापडलं होतं. सहा आठवडे न हललेली सायकल बेवारस समजली जाते, तिला नारिंगी चिठ्ठी लागते आणि ती उचलली जाते.

"हलवायची म्हणजे किती?"

"वही म्हणते, वापरात असली पाहिजे."

आणि अशा रीतीने अडुसष्ट वर्षांचे हार्मन वेसलिंक दर शनिवारी सकाळी टोपी घालून, मफलर बांधून, कोट पांघरलेल्या दोन कुंड्यांना पेटीत बसवून शहरातून फिरवू लागले. सहा आठवड्यांतून एकदा पुरलं असतं, पण वेसलिंक नियमाच्या बाबतीत हात राखून काही करत नसत. ऐंशी किलोंचं ओझं, समोरून वारा, आणि पुलाचा चढ. नदीकाठच्या बाकांवरची मंडळी पहिल्या शनिवारी हसली, दुसऱ्या शनिवारी हात हलवू लागली. तिसऱ्या शनिवारी नेमके जुने साहेब भेटले.

"वेसलिंक, हे काय? कुठे निघाला?"

"यांना जरा फिरवून आणतो," वेसलिंक म्हणाले.

खरं बोलणाऱ्याला कशाचं भय नसतं म्हणतात. ते खोटं आहे. त्याच संध्याकाळी रुलीनबाईंच्या बहिणीचा फोन आला, की हार्मनची तब्येत कशी आहे, म्हणजे डोक्याची.

जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी चौकात बाजार भरला होता. दगडी फरसबंदीवर पहाटेचं दव गोठलेलं. भाजीवाल्याच्या गाड्याशी वळताना एक कुत्रं आडवं आलं. वेसलिंकांनी हँडल फिरवलं, एक चाक उचललं गेलं, आणि ट्यूलिप, पेटी, वेसलिंक या क्रमाने सगळे भाजीवाल्याच्या टोपल्यांत जाऊन पडले. एक कुंडी फुटली. तिच्यातले अकरा कंद बाजारभर झाले.

माणसं धावली. वेसलिंकांना उठवायला दोघं आले, ते म्हणाले, "मला राहू द्या, कंद बघा." मग सगळा बाजार वाकला. एक म्हातारी गाड्याखाली काठी घालून कंद ओढत होती. हेरिंग मासे विकणाऱ्याने आपली मोठी बादली रिकामी केली, सुरीने बुडाला भोकं पाडली आणि त्यात माती भरली. वेसलिंक एका हाताने मोजत होते. दुसरा हात विचित्र वाकला होता, पण त्याच्याकडे पाहायला त्यांना वेळ नव्हता. नऊ. दहा. अकरा. दहा कंदांना पांढऱ्या मुळांच्या चांगल्या दाढ्या फुटल्या होत्या. अकराव्याला एकही मूळ नव्हतं. प्रत्येक खात्यात असा एक असतोच, असं म्हणून त्यांनी त्यालाही मातीत बसवलं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. हेरिंगवाल्याने कुंडी आणि बादली पेटीत ठेवली, सायकल चौकातल्या कठड्याला साखळीने बांधली, किल्ली वेसलिंकांच्या खिशात घातली आणि त्यांना इस्पितळात जायला टॅक्सीत बसवलं.

"कंद?" घरी आल्यावर रुलीनबाईंनी विचारलं. मग प्लास्टर दिसलं. "अरे देवा, हात."

"तेवीसच्या तेवीस," वेसलिंक म्हणाले. "तळघरात आहेत." दुसरं वाक्य खोटं होतं, पण ते उद्या खरं करायचं त्यांच्या मनात होतं.

उद्याचे दोन आठवडे झाले. प्लास्टरच्या हाताने सायकल हलेना, बर्फ पडला, भगवानदीन फ्लूने आडवे. अखेर वेसलिंक चालत चौकात गेले तर कठडा रिकामा होता. कठड्यावर पाटी होती, गेली कित्येक वर्षं असावी. जास्त दिवस लावलेल्या सायकली नगरपालिका उचलून नेईल.

जप्त सायकलींचं आवार शहराबाहेर, बसने वीस मिनिटांवर. पत्र्याच्या छपराखाली चारशे सायकली ओळीने उभ्या, आणि काचेच्या खोलीत एव्हर्ट कोल्कमन नावाचे कारकून, जाड भिंगांचा चष्मा लावलेले.

"तीनचाकी, पेटीची," त्यांनी नोंदवही पाहिली. "आहे. आत दोन नग माती. सायकल तुमची?"

"शेजाऱ्यांच्या मुलीची. ती परामारिबोला आहे."

"मग त्या येतील तेव्हा. ओळखपत्र आणि किल्ली घेऊन. समक्ष."

"पत्र मागवलं तर?"

"समक्ष."

"निदान कुंड्या तरी द्या. त्या माझ्या बायकोच्या आहेत."

"सामान सायकलीबरोबरच सुटतं." कोल्कमननी चष्म्याच्या वरून पाहिलं. "त्यात नक्की आहे काय?"

वेसलिंकांनी सांगितलं. वडिलांपासून सुरुवात केली आणि प्लास्टरपर्यंत आले. मागे सायकली सोडवायला आलेल्यांची रांग लागली होती, तीही ऐकत होती. कोल्कमननी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाहायला हरकत नाही. पाहण्याविरुद्ध नियम नाही."

छपराखालची जागा गार होती, पाऊस लागत नव्हता, आणि उत्तरेचा वारा चारशे सायकली आपल्या अंगावर घेत होत्या. आपण तीन महिने जी जागा शोधत होतो ती हीच, हे वेसलिंकांच्या लक्षात आलं, आणि त्यांना आनंद व्हावा की राग यावा हे ठरेना.

त्यानंतर ते दर बुधवारी 'हाताच्या तपासणीला' जात. घरी आले की रुलीनबाई विचारत, "तळघरात डोकावलास का? माती कोरडी नाही ना?" आणि ते म्हणत, "नाही." चाळीस वर्षांच्या संसारात ते इतकं खोटं कधी बोलले नव्हते. एकेक 'नाही' म्हणताना त्यांचे कान लाल होत, आणि रुलीनबाईंना वाटे, थंडीने होत असतील.

मार्च उजाडला. एका सकाळी वेसलिंक दाढी करून बाहेर आले तर रुलीनबाई काठी घेऊन दाराशी उभ्या. बूट घातलेले. चेहरा पांढरा.

"कुठे?"

"तळघरात. कोंब आले असतील. मी स्वतः बघणार आहे." त्या म्हणाल्या. "लिफ्टने एकच मजला आहे असं समजायचं. रात्रभर मी तेच ठरवतेय."

वेसलिंक खाली बसले, बूट काढायच्या स्टुलावर, आणि सगळं सांगून टाकलं. कुत्रं, कठडा, आवार, बुधवार. सांगताना त्यांनी वर पाहिलं नाही.

रुलीनबाईंनी काठी भिंतीला टेकवली.

"म्हणजे दर बुधवारी तू तिथे जात होतास," त्या म्हणाल्या. "मोडक्या हाताने. बसने."

"हो."

"आणि मला वाटत होतं, तुझ्या हाताचं काहीतरी जास्त आहे आणि तू लपवतोयस. मी इथे बसून रडत होते, गाढवा." त्यांनी नाक पुसलं. "माझा कोट दे."

"टॅक्सी बोलावतो."

"बस कितीला आहे?"

बसमध्ये चढायला त्यांना पूर्ण दोन मिनिटं लागली. ड्रायव्हर थांबला. कुणी धक्का दिला नाही. एका मुलीने जागा दिली तर बाई म्हणाल्या, "बस गं, मला उभं राहून बघायचंय जमतं का." जमलं, पहिल्या वळणापर्यंत.

आवारात त्या चारशे सायकलींच्या ओळींतून काठी टेकत चालत गेल्या आणि पेटीशी थांबल्या. जाडजूड कोंब वर आले होते. त्यांनी मातीत बोट खुपसलं, कोंब मोजले, आणि बादलीच्या कडेला त्यांची नजर अडकली.

"हार्मन, हा काय आहे?"

"तो जरा मागे पडलाय. त्याला मुळं नव्हती."

रुलीनबाईंनी त्या पातीचं टोक खुडलं आणि चावलं. "हा कांदा आहे."

वेसलिंकांनी मनात वजाबाकी केली. म्हणजे बावीस. एक भाजीवाल्याकडेच राहिला, एव्हाना कुणाच्या तरी रश्शात गेला. त्यांना वाटलं, आता पडते वीज. पण रुलीनबाई पेटीची कड धरून हसत होत्या, खुब्याला हात लावून, दुखतंय तरी हसत होत्या. किती महिन्यांनी, ते वेसलिंकांनी मोजलं नाही.

मग त्या काचेच्या खोलीपाशी गेल्या. "कोल्कमन, कोंब उजेडाकडे झुकलेत. सायकल आठवड्याला एकदा फिरवून ठेवायला हवी."

"जप्त वाहन हलवता येत नाही, बाई."

पुढच्या बुधवारी सायकलीचं तोंड दुसऱ्या बाजूला होतं. त्याच्या पुढच्या बुधवारी ते पुन्हा फिरलेलं होतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ट्यूलिप फुलले. बावीसच्या बावीस. बादलीतले, बाजारात लोळून आलेले, जरा बुटके राहिले, एवढंच. गंजक्या हँडलांच्या त्या रानात ती काळीजांभळी फुलं अशी उभी होती, की सायकल सोडवायला आलेली माणसं दंडाची पावती हातात धरून तिथेच घुटमळत. रुलीनबाई घडीची खुर्ची आणि कॉफीचा थर्मास घेऊन येत, आणि आल्यागेल्याला वडिलांबद्दल सांगत. वेसलिंक कप भरत.

त्याच आठवड्यात रेश्मा परतली आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांसोबत आवारात आली. तिने ओळखपत्र आणि किल्ली कोल्कमनांच्या समोर ठेवली.

"सही केली की आजच हलवावी लागेल," कोल्कमन म्हणाले.

"आज?" रुलीनबाई पुढे झाल्या. "फुलं गेली तरी पानं जूनपर्यंत उन्हात राहायला हवीत. आत्ताच तर कंद पुढच्या वर्षाचं बळ घेतात. व्हरांड्यात ठेवू देत नाहीत, बाल्कनीला इंजिनियर लागतो, तळघरात ऊन नाही. कुठे नेऊ मी त्यांना?"

"मालक समक्ष आल्या की सायकल सोडायची, असा नियम आहे."

"तुम्ही नियमाने चालता, ते बरोबरच आहे," वेसलिंक म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "मीही चौतीस वर्षं तसाच चाललो."

कोल्कमननी नोंदवहीकडे पाहिलं. मग बाहेर पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, डबीत ठेवला आणि डबी मिटली.

"माझ्यासमोर कोणी उभं आहे का?" त्यांनी भिंतीला विचारलं. "चष्म्याशिवाय मला माणूस ओळखू येत नाही."

भगवानदीननी मुलीच्या कोपराला हळूच धक्का दिला. रेश्माने ओळखपत्र उचललं, किल्ली उचलली आणि दोन पावलं मागे सरकली.

"मालक आल्या, तर जूनमध्ये पाठवा," कोल्कमन म्हणाले. ते उठले, दार उघडून बाहेर पडले, आणि चष्मा डबीत असताना चारशे सायकलींमधून सरळ वाट काढत पेटीपर्यंत गेले. तिथे एका जुन्या टँडेमच्या, म्हणजे दोघांनी चालवायच्या लांब सायकलीच्या मागे लपवलेली झारी त्यांनी काढली आणि एक थेंबही बाहेर न सांडता दोन्ही नगांना पाणी घालू लागले.